भरल्या ओढ्यात गाडी घालता?

उभे राहा चौघेही. मान खाली घालू नका, माझ्याकडे बघून ऐका.

धारवाडहून लोंढा, तिथून कॅसलरॉक, आणि पुढे भर पावसात रुळांकडेच्या वाटेने जाऊन गाडी ओढ्यात घातलीत. वर त्याची चित्रफीत गावभर वाटलीत. फोर बाय फोर गाडीला पाणी वाट देते, असे कोणी शिकवले तुम्हाला? चारही चाके फिरली तरी पकड लागते ती जमिनीची. दोन फूट वाहते पाणी चांगली जड गाडीसुद्धा उचलून नेते. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात शिरले की पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गाडी ऐन धारेत बंद पडते. तुमच्या चित्रफितीत पाणी बॉनेटला लागलेले स्वच्छ दिसते आहे. त्या गढूळ पाण्याखाली खड्डा होता की धोंडा, कोणाला ठाऊक होते? वर घाटात सर कोसळली की खालचा ओढा बघता बघता चढतो, याचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही?

घाटाखाली गोव्यातल्या कुळ्याचे जीपवाले हंगामात रोज ओढे ओलांडून माणसांना दूधसागर धबधब्याला नेतात. त्यांचे पोट त्यावर आहे, तरी पावसाळ्यात ते गाड्या बंद ठेवतात. त्यांच्याहून तुम्हाला जास्त कळते?

आणि रुळांकडेची जागा तुमच्या मौजेसाठी नाही. 1888 पासून त्या घाटातून रेल्वे धावते आहे. 37 फुटांना एक फूट असा चढ आहे तिथे. पावसाळ्यात दरड आली का, खडी वाहिली का, हे बघत गँगमन रात्री बत्ती घेऊन चालतो. तुमच्या चाकांनी कडेची माती गटारात लोटली की पाणी तुंबते आणि रुळाखालचा भराव खचतो. तुमच्यापैकी दोघांच्या घरची चूल रेल्वेच्या पगारावर पेटते, आणि तुम्हीच हे करता? जुलै 2023 मध्ये दूधसागरला रुळांवर उतरलेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, ते सगळ्यांनी पाहिले. रेल्वेच्या हद्दीत अशी घुसखोरी केली तर रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

दूधसागर बघायचाच असेल तर पाऊस सरल्यावर, तिथल्या जाणत्या ड्रायव्हरबरोबर जा. भरल्या ओढ्यात गाडी घालायची नाही, रुळांच्या हद्दीत न्यायची नाही. तुम्ही वाहून गेला असतात तर तुमच्या आयांना मी काय तोंड दाखवले असते?

आज घरी जाऊन सगळे स्वतःच्या तोंडाने सांगा. उद्या सकाळी मी प्रत्येकाच्या घरी फोन करणार आहे.