चौकशीत सापडलेला सोबती आणि आपले शील



आपल्या घरांतून आज कारकून, शिक्षक, परिचारिका, एस.टी.चे वाहक, बँकेतील रोखपाल, टपाल खात्यातील सेवक असे नोकरदार निघाले आहेत. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांतून पहिली नोकरी आली, त्या घराला त्या नोकरीचे मोल कोणी सांगावे लागत नाही. त्या एका पगारावर धाकट्या भावाचे शिक्षण, आईचे औषध आणि डोक्यावरचे छप्पर उभे असते. म्हणूनच नोकरीतील एक प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवावयाचा आहे. शेजारच्या टेबलावरील सोबत्याच्या हातून प्रामाणिकपणे एखादी चूक झाली आणि खात्याने त्याच्यावर चौकशी लावली, तर तुमचे कर्तव्य कोणते?

उदाहरण घेऊ. समजा, एका कार्यालयात शिष्यवृत्तीची यादी बँकेकडे पाठवावयाची आहे. यादी करणाऱ्या कारकुनाकडून एका खाते क्रमांकात एक आकडा चुकला. एका विद्यार्थिनीची रक्कम भलत्याच माणसाच्या खात्यावर जमा झाली. त्याने ती काढून घेतली. मुलीची फी थकली, बापाने तक्रार केली. कारकुनाने एक पैसाही खाल्लेला नाही. तरीही त्याला निलंबनाचा आदेश मिळाला आणि पाठोपाठ दोषारोपपत्र आले. त्यात शब्द आहेत 'संगनमत' आणि 'अपहार'. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याबरोबर डबा खाणारे लोक जागा बदलून बसू लागले.

अशा वेळी माणसापुढे तीन सोप्या वाटा असतात. पहिली वाट दूर सरकण्याची. 'आपण त्यात नको, आपलाही गोपनीय अहवाल बिघडेल' असे म्हणून माणूस मान खाली घालतो. दुसरी वाट झाकण्याची. जुन्या तारखेची टिपणी घालू, नोंदवहीचे पान बदलू, 'मी स्वतः यादी तपासली होती' असा जबाब देऊ, असे प्रेमापोटी सुचते. तिसरी वाट जातीची. आरोपी आपला असेल तर तो निर्दोषच, आणि दुसऱ्यांचा असेल तर 'बरी जिरली'. या तिन्ही वाटा सोप्या आहेत, पण धम्माची यातील एकही नव्हे.

प्रथम चूक आणि गुन्हा यांतील फरक समजून घ्या. धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल स्थविरांची कथा आहे. ते अंध होते. पाऊस पडून गेल्यावर चंक्रमण करताना त्यांच्या पायाखाली किडे मेले. इतर भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली. तथागतांनी त्यांना विचारले की, तुम्ही त्यांना मारताना पाहिले काय? भिक्खू नाही म्हणाले. तेव्हा तथागतांनी समजावले की, जसे तुम्ही त्यांना पाहिले नाही, तसेच त्यांनीही त्या किड्यांना पाहिले नव्हते. मारण्याची चेतना नव्हती, म्हणून हत्येचा दोष नाही. विनयाच्या अनेक नियमांतही जाणूनबुजून न केलेल्या कृत्याला आपत्ती नाही असे सांगितले आहे. कर्माचे मूळ चेतनेत आहे, ही बौद्ध नीतीची पायाभूत शिकवण होय.

परंतु येथेच थांबू नका. 'हेतू वाईट नव्हता' एवढे म्हटले की सर्व संपले, असेही धम्म सांगत नाही. स्थविरांना डोळेच नव्हते. कारकुनाला डोळे होते. तथागतांनी अप्रमादाला फार मोठे स्थान दिले आहे. यादी पुन्हा वाचून पाहणे हे त्याचे काम होते. म्हणून नीट तोलून बोलावे. चोरी नाही, हा एक निर्णय. सावधपणा कमी पडला, हा दुसरा. पहिल्याचे माप दुसऱ्याला लावणे हा अन्याय आहे आणि पहिला नाही म्हणून दुसराही नाही असे म्हणणे हे असत्य आहे.

देशाचा कायदाही या बाबतीत फार दूर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली जे. अहमद यांच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, कार्यक्षमतेची उणीव किंवा निर्णयातील चूक म्हणजे आपोआप गैरवर्तन ठरत नाही. मात्र हलगर्जीपणाचे परिणाम फार गंभीर, भरून न येणारे असतील तर गोष्ट वेगळी. म्हणजे हेतू पाहावा, निष्काळजीपणा पाहावा आणि परिणामही पाहावा. हा विवेक चौकशी अधिकाऱ्याने करावयाचा आहे, तसाच तो तुम्हीही मनात करावयाचा आहे.

आता कोणी विचारील, चूक करणाऱ्याला मदत करणे म्हणजे चुकीलाच मदत करणे नव्हे काय? नव्हे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आपली बाजू मांडता यावी, ही मेहेरबानी नाही, तो त्याचा हक्क आहे. पूज्य बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या हातून घडलेल्या संविधानाचे ३११ वे कलम वाचा. काही ठराविक अपवाद सोडले तर, आरोप कळवून आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय सरकारी सेवकाला बडतर्फ करता येत नाही, सेवेतून काढता येत नाही वा पदावनत करता येत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघातही हीच रीत होती. दब्ब मल्लपुत्त या भिक्खूवर खोटा आळ आला, तेव्हा तथागतांनी संघ जमवला आणि सर्वांसमक्ष दब्बालाच विचारले. संबंधित माणूस समोर नसताना त्याच्याविरुद्ध कारवाई करू नये, असा विनयाचा नियम आहे. मग आपण चहाच्या टपरीवर, माणसाच्या पाठीमागे, त्याचा निकाल कसा लावतो?

मदत कोणती करावी ते स्पष्ट सांगतो. माणूस भेदरलेला असतो. भीतीपोटी तो दोषारोपपत्राला उत्तरच देत नाही, किंवा कोणी सांगितले म्हणून कोऱ्या कागदावर सही करतो. त्याच्याबरोबर बसा. प्रत्येक आरोप वेगळा वाचा आणि कोणता मान्य, कोणता अमान्य, हे मुदतीच्या आत लेखी द्यावयास लावा. ज्या कागदांच्या आधारे आरोप ठेवले आहेत ते पाहावयास मागा. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ प्रमाणे मोठ्या शिक्षेच्या चौकशीत अपचारी सेवकाला दुसऱ्या सरकारी सेवकाचे सहाय्य घेता येते. नियम जाणणारा आणि न डगमगणारा माणूस त्याला मिळवून द्या. मात्र ज्याला स्वतः साक्ष द्यावयाची आहे त्याने हे काम घेऊ नये. चौकशीचा अहवाल दोषी ठरवणारा आला, तर शिक्षेपूर्वी त्याची प्रत मिळून त्यावर म्हणणे मांडता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली महंमद रमझान खान यांच्या प्रकरणात सांगितले. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये, असेही २०१५ साली अजयकुमार चौधरी यांच्या प्रकरणात सांगितले. हे हक्क कागदावर आहेत. घाबरलेल्या माणसाला ते कोणीतरी वाचून दाखवावे लागतात.

आणि त्याच्या घराकडे पाहा. निलंबनात पूर्ण पगार मिळत नाही, केवळ निर्वाह भत्ता मिळतो. हा भत्ताही उपकार नाही. एके काळी महाराष्ट्रातील नियमात अशी तरतूद होती की, फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या आणि अपील चालू असलेल्या निलंबित सेवकाला महिन्याला नाममात्र एक रुपया भत्ता द्यावा. १९८३ साली चंद्रभान ताले यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल केली. जगावयास न देता लढ म्हणणे ही थट्टाच होय. म्हणून भत्ता वेळेवर निघाला की नाही, याची चौकशी करा. त्याच्या मुलांच्या वह्यांची, किराण्याची विचारपूस करा. घरच्या बायकामाणसांनी त्याच्या घरी जाणे बंद करू नये, उलट जास्त जावे. निलंबित माणसाला शिक्षेपेक्षा एकटेपण आधी मोडते.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. समजा, तुम्ही त्या कारकुनाला दोनदा म्हणाला होता की, 'यादी एकदा ताडून पाहा.' त्याने 'उद्या बघू' म्हटले आणि यादी तशीच गेली. चौकशीत तुम्हाला साक्षीला बोलावले आणि नेमके हेच विचारले. काय सांगाल?

सांगावे लागेल. आपण पंचशील ग्रहण केले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. तिच्यात 'मित्रासाठी सोडून' असा अपवाद घातलेला नाही. परंतु पूर्ण सत्य सांगा. त्या महिन्यात दुसरी जागा रिकामी होती आणि दोन टेबलांचे काम त्याच्या एकट्याच्या अंगावर होते, हे सांगा. यादी दुसऱ्याने तपासावी अशी पद्धत कार्यालयात नव्हती, हे सांगा. चूक कळताच तो स्वतः साहेबांकडे गेला असेल तर तेही सांगा. साहेबांना हे ऐकणे आवडणार नाही. तुमच्या बढतीवर त्याची सावली पडेल अशी भीती वाटेल. ती भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणत नाही. पण अर्धे सत्य सांगून मित्राला वाचवणे आणि अर्धे सत्य सांगून साहेबाला खूश करणे, या दोन्ही गोष्टी एकाच शीलाचा भंग करतात. साक्षीला जाण्यापूर्वी सोबत्याला तोंडावर सांगा की, 'मला विचारले तर मी हे सांगणार आहे, आणि तेही सांगणार आहे.' तो रागावेल. तरीही दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा.

खोटी टिपणी घालून त्याला मदत का करू नये, याचे व्यावहारिक कारणही आहे. जेथे केवळ चूक होती, तेथे बनावट कागद आला की लबाडी आली. निष्कलंक चेतना हाच त्याचा खरा बचाव होता. तो तुम्हीच तुमच्या हाताने नष्ट केलात. राहुलाला उपदेश करताना तथागतांनी सांगितले की, कृत्य करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर त्याकडे निरखून पाहावे आणि अपाय झाला असेल तर तो जाणत्यांपुढे उघड करून पुढे संयम राखावा. उघड केलेली चूक दुरुस्त होते. झाकलेली चूक दुसऱ्याच्या हातचे हत्यार बनते.

आणि त्या मुलीला विसरू नका. चौकशीच्या गडबडीत सर्व लक्ष कारकुनाकडे जाते आणि जिची फी थकली ती कोपऱ्यात उभी राहते. ती बहुधा आपल्याच वस्तीतील असेल. बँकेकडे पत्र पाठवणे, रक्कम परत मिळवण्याचा पाठपुरावा करणे, मुलीच्या महाविद्यालयाला मुदत वाढवून मागणे, ही कामे सोबत्याला करावयास लावा आणि त्याच्याबरोबर स्वतःही करा. तिच्या बापाला 'तक्रार मागे घे' म्हणू नका. तो त्याचा हक्क आहे. ज्या करुणेला एकच माणूस दिसतो, ती करुणा पक्षपात होते.

शेवटी जातीविषयी. आपल्या माणसाची साधी चूकही 'सवलतीवर आलेला' म्हणून मोठी केली जाते, हा अनुभव अनेकांचा आहे. तेथे निर्भयपणे उभे राहिलेच पाहिजे आणि समान चुकीला समान माप मागितलेच पाहिजे. परंतु तेच माप दुसऱ्या जातीच्या सोबत्यालाही लावा. कालपर्यंत ज्याने तुमच्याबरोबर डबा उघडला नाही, तो आज एकटा पडला असेल, तर तुम्ही आपला डबा घेऊन त्याच्या टेबलाशी जा. मैत्री हिशेब पाहून केली तर ती मैत्री नव्हे, उधारी होय.

चौकशीचा निकाल काय लागेल हे तुमच्या हाती नाही. कदाचित त्याची एक वेतनवाढ रोखली जाईल आणि ती शिक्षा योग्यही असेल. ती त्याने मान खाली न घालता सोसावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर येऊन बसावे. तेव्हा त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी नसावी, एवढे मात्र तुमच्या हाती आहे.