भामनेरातला निवांत रस्ता

रविवारी पहाटे विश्रांतवाडीच्या मुकुंदराव आंबेडकर चौकात सायकलवाल्यांची टोळकी जमतात. कुणी लोहगावमार्गे तुळापूरचा संगम गाठतं, कुणी दिघीवरून आळंदी करून आठच्या आत घरी परततं. ज्यांना डोंगर आणि पाणी दोन्ही एकत्र हवं असतं, ते बहुधा पश्चिमेकडे वळतात. खडकवासला, पानशेत, मुळशी, नाहीतर पवना. पवनेचा फेरा तर या मंडळींचा लाडका. दुधिवरे खिंडीतून उतरायचं, ठाकूरसईवरून पवनानगर, पुढे तिकोना पेठ, जवण आणि तुंग. लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे चारही किल्ले एकाच दिवशी नजरेत येतात. तंबूंच्या वसाहतींनी आणि शनिवार रात्रीच्या स्पीकरांनी तिथली शांतता बरीच खाल्ली आहे, ही गोष्ट वेगळी.

विश्रांतवाडीचं स्वतःचं म्हणावं असं तळं मात्र पश्चिमेला नाही, उत्तरेला आहे. तिथे सायकलवाले कमी जातात, पण त्याचं पाणी ते रोज पितात.

खेड तालुक्यात भामा नदीवर आसखेडजवळ मातीचं धरण आहे. साठवण सुमारे आठ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं २.६४ टीएमसी पाणी पुणे महापालिकेच्या वाट्याचं. चाकणजवळच्या कुरुळीत ते शुद्ध होतं आणि आळंदीच्या बाजूने शहराच्या पूर्व भागात येतं. १ जानेवारी २०२१ ला ही योजना सुरू झाली, तेव्हा येरवडा, कळस, धानोरी, विश्रांतवाडी या भागाला पहिल्यांदा खडकवासल्याच्या धरणसाखळीबाहेरचं पाणी मिळालं. त्याआधी हा सगळा पट्टा त्या साखळीच्या अगदी शेपटाला होता. शेपटाच्या नळाला पाणी कसं येतं, ते इथल्या जुन्या सोसायट्यांना आणि टँकरवाल्यांना चांगलं ठाऊक आहे.

म्हणजे विश्रांतवाडीहून भामा आसखेडला निघालेला सायकलस्वार आपल्याच नळाच्या पाण्याला उलटा सामोरा जातो. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखीही आळंदीहून दिघीमार्गे याच रस्त्याने पुण्यात येते. पाणी आणि पालखी एका दिशेने, सायकल उलट्या दिशेने.

अंतर काही फार नाही, धरणापर्यंत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आळंदीपर्यंत रस्ता ओळखीचा. खरी परीक्षा चाकणला. तळेगावकडून शिक्रापूरकडे जाणारे कंटेनर, पुणे-नाशिक महामार्गाची वाहतूक आणि एमआयडीसीच्या कामगार बसगाड्या एकाच ठिकाणी अडकतात. इथे सायकल चालवणं म्हणजे कंटेनरच्या मागच्या चाकाकडे एक डोळा आणि कडेच्या खड्ड्याकडे दुसरा. गंमत अशी, की ज्या बजाजच्या मोटारसायकलींनी पुण्याच्या सायकलींना रस्त्याच्या कडेला लोटलं, त्याही इथेच तयार होतात.

आंबेठाण चौकातून आत वळलं की कारखान्यांची गर्दी हळूहळू विरळ होते. एका बाजूला पत्र्याची शेड, लगेच पुढे कांद्याचं वावर, मग पुन्हा शेड. आंबेठाणात शेतकरी नेते शरद जोशींचं शेत, अंगारमळा, आहे. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथली जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून जोशी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे आले आणि कोरडवाहू जमीन कसू लागले. चाकणचं कांदा आंदोलन, शेतकरी संघटना, रास्ता रोको हे पुढचं सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. त्यातली एक घटना मात्र फारशी कुणाला आठवत नाही, आणि या वाटेवर नेमकी तीच आठवायला हवी.

भामेच्या खोऱ्याला भामनेर म्हणतात. खोऱ्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या कड्याशी, वांद्रे हे गाव आहे. जानेवारी १९८० मध्ये या खोऱ्यातली हजारो माणसं जोशींबरोबर वांद्र्याहून चाकणपर्यंत सुमारे ६४ किलोमीटर पायी चालत आली. मागणी एकच होती, पक्का रस्ता. पावसाळ्यात चिखलामुळे खोरं तुटायचं, बैलगाडी रुतायची, आजारी माणसाला डोलीतून न्यावं लागायचं आणि माल बाजारात पोचेपर्यंत भाव पडलेला असायचा. कांद्याच्या भावावर भांडणाऱ्या माणसाला रस्त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नव्हतं.

करंजविहिरेच्या पुढे, शिवे-वहागावच्या बाजूला, पाणी दिसू लागतं तेव्हा शहरातला सायकलवाला मान डोलावून म्हणतो, ‘रस्ता काय निवांत आहे!’ खरंच निवांत आहे. पावसाळा सरता सरता इथे यावं. भाताच्या खाचरांचे हिरवे-पिवळे तुकडे पार पाण्याच्या काठापर्यंत उतरतात. चढ लांब असले तरी जीवघेणे नाहीत, मधला गिअर टाकून बोलत बोलत चढावेत असे. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या काठावर ओलीवर पिकं घेतली जातात. त्याला गाळपेर म्हणतात. दोन्ही बाजूंना कॅन लावून दुधाची मोटारसायकल मागून येते, हॉर्न न वाजवता बाजूने निघून जाते. पश्चिमेला माथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. भीमाशंकर अभयारण्याच्या शेजारी त्या उभारताना डोंगर कापून काढलेल्या रस्त्यांची माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात दखल घेतली होती.

पण हा निवांतपणा रस्त्याच्या दोन टोकांना सारखा नाही. शहरातून आलेल्याला तो मिळालेला असतो, गावाला तो सोसावा लागतो. रस्त्यावर गाडी नाही म्हणजे एसटीची फेरी नाही, दवाखान्याला जायला वाहन नाही, आठवीनंतर पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे. १९८० मध्ये चालत गेलेली माणसं वर्दळच मागत होती. सायकलवाल्यांच्या गप्पांत ‘हा रस्ता कुणाला सांगू नका’ असं एक लाडिक वाक्य असतं. भामनेरात ते वाक्य उच्चारायला संकोच वाटायला हवा.

दुसरी बाजू धरणाची. मोर्चानंतर काही वर्षांनी याच खोऱ्यात धरण आलं. ते मुळात सिंचनासाठी होतं. खालच्या भागात कालवे जातील, लाभक्षेत्रात विस्थापितांना जमीन मिळेल, असा हिशेब होता. कालव्यांची कामं रखडली, पाणी मात्र शहराकडे वळलं. जमिनीचा आणि मोबदल्याचा प्रश्न सुटल्याशिवाय पाणी नेऊ देणार नाही, असं म्हणत प्रकल्पग्रस्तांनी पुण्याच्या जलवाहिनीचं काम वारंवार बंद पाडलं. शेवटचा टप्पा पोलीस बंदोबस्तात उरकावा लागला. जिथे गावं उठतात तिथे रहदारीही उठते, हे धरणाच्या काठचे रस्ते शांत असण्याचं एक साधं कारण आहे.

पुणे जिल्ह्याला हे नवं नाही. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. त्यात पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ हे बिरुद मिळालं, पण धरण काही थांबलं नाही. मुळशीचं पाणी आजही घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. पवनेच्या फेऱ्याला जाणारी टोळकी त्या जागेपासून फार लांबून जात नाहीत.

तळ्याभोवती सायकल फिरवण्याची जगातली नावाजलेली उदाहरणं पाहिली की फरक दिसतो. जपानमधल्या बिवा तळ्याचा फेरा सुमारे २०० किलोमीटरचा आहे. २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय सायकल मार्गाचा दर्जा मिळाला. क्योतोचं पाणी तिथूनच येतं. युरोपातल्या कॉन्स्टन्स तळ्याभोवती जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारा सायकल मार्ग आहे आणि त्या तळ्याचं पाणी १९५८ पासून नळाने स्टुटगार्टला जातं. स्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीजचं गाव, आणि मर्सिडीजचा भारतातला कारखाना चाकणला, भामेच्या वाटेवरच. पण बिवा आणि कॉन्स्टन्स ही निसर्गाने केलेली तळी. त्यांच्या काठची गावं जुन्या जागी आहेत, त्यांच्यातून आगगाडी जाते, दमलेला माणूस सायकलीसकट डब्यात बसतो. तिथली शांतता बांधून काढलेली आहे, त्यामागे खर्च आहे, नियम आहेत. आपल्याकडची शांतता उरलेली आहे.

म्हणूनच भामेच्या काठाने रंगीत पट्टा ओढून ‘सायकल सर्किट’ करण्याची कल्पना कुणी मांडली, तर ती आधी तपासून घ्यावी. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये मोठा सायकल आराखडा मंजूर केला. आळंदी रस्त्यावर बीआरटी त्याआधीच, २०१५ मध्ये, सुरू झाली होती. विश्रांतवाडीच्या चौकातून रोज सायकल काढणाऱ्याला त्या दोन्हींचा किती उपयोग होतो, ते रस्त्यावर उतरून पाहावं. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिच्या ४३७ किलोमीटरच्या वाटेसाठी जिल्ह्यातले रस्ते झपाट्याने गुळगुळीत झाले. मनात आलं की यंत्रणा काय करू शकते, ते त्या निमित्ताने सगळ्यांनी पाहिलं.

तळ्याकाठच्या रस्त्यावर सायकलवाल्यांसाठी काही करायची फारशी गरजच नाही. तिथे एसटीच्या दोन फेऱ्या वाढल्या तरी सायकलचं काही बिघडत नाही. एसटीच्या टपावर पूर्वी सायकल चढवता येत असे, तशी सोय पुन्हा झाली तर दमलेल्यांची वाटही सोपी होईल. खर्च करायचा तर तो दिघी ते चाकण आणि चाकण ते आंबेठाण या पट्ट्यात करावा. तिथे कंटेनरपासून वेगळी, रुंद, सलग कड हवी. पाळी सुटते तेव्हा डबा हॅंडलला अडकवून शेकडो कंत्राटी कामगार याच पट्ट्यातून सायकलीवर खोलीकडे जातात. रविवारच्या टोळक्याला ती कड आठवड्यातून एकदा लागेल, या कामगारांना ती रोज दोनदा लागते.