रक्ताची भरपाई

मनुष्यवधाचे परिमार्जन ठराविक गुरेमेंढरे देऊन करता येते आणि मृताचे सारे कुटुंब ती भरपाई स्वीकारते, असे रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. ९८ च्या सुमारास जर्मानिक टोळ्यांविषयी लिहून ठेवले, आणि ते वाचताना आजच्या वाचकाच्या मनात प्रथम किळस उत्पन्न होते. जिवाचा सौदा करणाऱ्या लोकांना पापाची चाड ती काय असणार, असे त्याला वाटते. मला मात्र त्या समाजाची नीती त्याच्या दंडाच्या कोष्टकांतच दिसते. फ्रँक राजा क्लोविस याच्या कारकीर्दीत, सहाव्या शतकाच्या आरंभी, ग्रथित झालेल्या सालिक कायद्यात स्वतंत्र फ्रँक पुरुषाच्या वधाबद्दल २०० सुवर्णनाणी दंड होता. पण मारेकऱ्याने प्रेत विहिरीत टाकले किंवा फांद्यांखाली झाकले, तर तोच दंड ६०० होई. उघडपणे मारणारा मृताच्या नातलगांसाठी वैराची आणि तहाची अशा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. लपवणारा त्या दोन्ही बुजवून टाकतो, आणि अपराधाचा खरा गाभा त्या लोकांनी तेथे पाहिला.

तूर नगरीचा बिशप ग्रेगरी याने त्याच शतकाच्या उत्तरार्धातील एक वैर तपशीलवार नोंदले आहे. सिखार नावाच्या गृहस्थाने क्रामनेसिंदाचे आप्त ठार केले; क्रामनेसिंदाने भरपाई नाकारून त्याची घरे जाळली; अखेर न्यायाधीशांनी निवाडा दिला व चर्चच्या खजिन्यातून रक्कम चुकती झाली. पुढे दोघांची मैत्री एवढी वाढली, की ते एकत्र जेवत आणि एका शय्येवर निजत. मग एका मेजवानीत, मद्याच्या धुंदीत, सिखार म्हणाला, की तुझे आप्त मी मारले म्हणूनच आज तुझ्या घरी सोनेचांदी आहे, माझे उपकार मान. सूड न घेतल्यास आपण पुरुष म्हणवून घेण्यास नालायक ठरू, असे क्रामनेसिंदाच्या मनात आले. त्याने दिवे विझवले आणि सिखारचे मस्तक फोडले. नंतर प्रेताची वस्त्रे उतरवून ते कुंपणाच्या खुंटाला टांगले आणि तो थेट राजाच्या पायांशी गेला. त्या रकमेने मृतांचा मान राखला होता तोवर तिने शांतता राखली. तिला नफा म्हणताच ती निरर्थक झाली.

या व्यवस्थेला एक दुःख मात्र पेलत नसे. ‘बेवुल्फ’ या प्राचीन आंग्ल काव्यात राजा ह्रेथेलचा एक पुत्र दुसऱ्या पुत्राच्या भरकटलेल्या बाणाने मरतो. मारणारा घरचा आणि मेलेलाही घरचाच, तेव्हा पित्याने भरपाई कोणाकडून घ्यावी आणि सूड कोणावर उगवावा? राजा झुरून मरतो.

अंतःकरणातील अपराधाची जाणीव कायद्याच्या भाषेत आणली ती चर्चने. १०७० च्या सुमारास हेस्टिंग्जच्या लढाईतील नॉर्मन विजेत्यांना, धन्याच्या हुकमाने लढले असूनही, आपल्या हातून मेल्याचे ठाऊक असलेल्या प्रत्येक माणसामागे एकेक वर्षाचे प्रायश्चित्त नेमून देण्यात आले. ज्यांना संख्या ठाऊक नव्हती त्यांनी आयुष्यभर आठवड्यातून एक दिवस ते करावे, अथवा एखादे चर्च बांधून मुक्त व्हावे. विवेकाच्या इतिहासातले हे मोठेच पाऊल, आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण हिशेब आता मारणारा आणि ईश्वर यांच्यात मिटत होता, आणि टॅसिटसच्या काळी ज्या घराच्या दारी गुरे आणून बांधावी लागत, त्या मृताच्या घराला या नव्या हिशेबात कसलेही येणे उरले नव्हते.