विलंब आणि वचनभंग

ठरल्या दिवशी वस्तू विक्रीस आली नाही, म्हणजे कारखानदाराने वचन मोडले, असा सर्वसाधारण समज असतो. पण त्याचे वचन तारखेचे, की वस्तूच्या निर्दोषपणाचे, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. सॅमसंग कंपनीचा ‘गॅलॅक्सी नोट ७’ हा फोन २०१६ च्या ऑगस्टमध्ये ठरल्या दिवशीच बाजारात आला; लवकरच त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरात त्याचे उत्पादनच बंद करावे लागले. मागाहून कारण शोधण्यासाठी २,००,००० हून अधिक फोन तपासण्यात आले. परीक्षा टळली नव्हती. तिचा आरंभ मात्र गिऱ्हाइकांच्या खिशांत झाला होता. उलट २०१९ साली त्याच कंपनीच्या घडीच्या फोनचे पडदे समीक्षकांच्या हाती बिघडले, तेव्हा एप्रिलमध्ये ठरलेली विक्री तिने सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलली. तारीख आधी व खात्री मागून, हा दोष येथेही होताच. परंतु दिलेली तारीख मोडण्यातच तेथे सचोटी होती. आम्ही गिऱ्हाइके मात्र अशा विलंबास हसतो. विलंबास हसणारा समाज कारखानदारास घाईच शिकवील, आणि त्या घाईचे चटके अखेर त्याच समाजाच्या अंगास बसतील.