बर्जिल्लयाचा जावई

शास्त्रपाठ : एज्रा, अध्याय २, ओव्या ६१ ते ६३



बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमेस परत आलेल्या लोकांची नावनिशी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात दिली आहे. असा अध्याय वाचनास आला म्हणजे आपण बहुधा पाने उलटून पुढे जातो. उपासनेत तो वाचावयाचा झाल्यास उपदेशकाची जीभ अडखळते, हे मी अनुभवाने सांगतो. परंतु त्या नावांच्या राशीत एका लग्नाची हकीकत दडलेली आहे. याजकवर्गातील एका मनुष्याने गिलादकर बर्जिल्लय याच्या कन्यांपैकी एकीशी विवाह केला, आणि तो सासऱ्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. पिढ्या लोटल्यावर त्याच्या वंशजांनी, आणखी दोन घराण्यांसह, वंशावळीच्या वहीत आपली नोंद शोधली. ती सापडली नाही. तेव्हा त्यांस याजकपणापासून दूर ठेवण्यात आले.

हा पाठ मजपुढे आला तो साकीनाक्यास. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आतील एका गल्लीत, जेथे दिवसभर कारखान्यांचा खडखडाट चालतो, तेथे नगर जिल्ह्याकडून पोटासाठी आलेले एक ख्रिस्ती कुटुंब राहते. घरची मुलगी उपवर झाली असून स्थळ आले. मुलगा व मुलगी दोघेही मंडळीचे सभासद. बोलणी होत आली असता वराकडील एका वडील गृहस्थांनी सहज विचारावे तसे विचारले, “मुलीची पणजी कोणाची लेक? तिचे लग्न कोणत्या मंडळीत लागले? वहीत दाखला असेलच.” बंधूंनो, हा प्रश्न वहीचा नव्हता. पणजीच्या माहेराचा शोध लागला की जातीचा शोध लागतो, एवढ्याचसाठी तो होता. आपल्यामध्ये बाप्तिस्म्यानंतर तिसऱ्या-चौथ्या पिढीतही हे चालते, व चहाच्या पेल्याबरोबर चालते, म्हणून कोणास त्याची लाज वाटत नाही.

मुलीचे वडील गावच्या मंदिरात जाऊन आले. लग्नाच्या वहीत नोंद नव्हती. ते मजकडे आले तेव्हा त्यांचे तोंड उतरले होते. “आमच्या आजीचे लग्नच लागले नव्हते की काय?” असे त्यांनी हळूच विचारले.

आमच्या खेड्यांतील अनेक घराण्यांचा मूळपुरुष व त्याची बायको बाप्तिस्म्यापूर्वीच लग्न झालेली होती. त्यांचे लग्न गावात, भावकीसमक्ष, रीतीप्रमाणे लागले. मग ते मंडळीच्या लग्नवहीत कोठून असणार? नारायण वामन टिळकांचेच पाहा. त्यांचा व लक्ष्मीबाईंचा विवाह १८८० साली झाला. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली व बाईंचा १९०० साली झाला. मधली वर्षे त्या उभयतांस किती जड गेली हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. पण लग्न होते ते तेच राहिले. कोणी केवळ मंडळीच्या लग्नवह्या चाळून त्यांचा विवाह शोधू लागेल तर त्यास तो मिळावयाचा नाही. बाई माहेरच्या गोखले, आणि माहेरी त्यांस मनकर्णिका म्हणत, हे आपणांस कळते ते त्यांच्या आठवणींमुळे.

म्हणून मी त्या गृहस्थांस म्हटले, “दादा, बाप्तिस्म्याची वही पाहा.” उपदेशक बंधूंनीही हे ध्यानात ठेवावे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्याप्रमाणे भरलेली नोंद असेल तर तीत वधूवरांचे वय, धंदा, वस्ती, त्यांच्या बापांची नावे आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. साक्षीदार पुष्कळदा मामा किंवा मेहुणा असतो. तेव्हा त्या सह्या सोडून पुढे जाऊ नये. मात्र आईचे नाव विचारणारा रकाना त्या जुन्या नमुन्यात नाही. त्यातून आमच्याकडे सासरी आल्यावर मुलीचे नावही बदलत असत. अशा रीतीने आपल्या आज्या-पणज्या दोनदा पुसल्या गेल्या.

बाप्तिस्म्याच्या वहीत पणजोबा सापडले. त्यांच्या नावाखाली ‘व त्याची बायको’ असे लिहून पणजीचे सासरचे नाव होते. माहेर नव्हते.

ते सांगितले ऐंशीच्या घरातील आत्याबाईंनी. १९७२ च्या दुष्काळात, विहिरी आटल्या व लोक खडी फोडावयास जात होते तेव्हा, आत्याबाईंच्या आईचा भाऊ बैलगाडीतून ज्वारीची दोन पोती घेऊन आला. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. बहीण ख्रिस्ती झाली म्हणून भावकीने तीस वर्षे येणेजाणे तोडले होते. “मामांनी पोती उतरविली, पाणी प्यायले आणि गेले,” आत्याबाई म्हणाल्या. “गाव मी कशी विसरेन?”

आता बर्जिल्लयाकडे परत या. तो कोण होता? अबशालोमाने बंड केले, दावीद राजा जीव घेऊन यार्देनेपलीकडे महनाइमास आला, तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने इतरांबरोबर त्याच्यासाठी अंथरुणे, मातीची भांडी, गहू, जव, हुरडा, मसुरा, मध व मेंढरे आणली (२ शमुवेल १७). पुढे राजाने त्यास यरुशलेमेस बोलाविले असता, मला आता अन्नाची चव कळत नाही व गाणे ऐकू येत नाही, असे म्हणून तो आपल्या गावी राहिला. दाविदाने मरतेवेळी त्याच्या मुलांची आठवण ठेवली. अशा मनुष्याचे नाव एका जावयाने आनंदाने धारण केले, यात मला तरी काही नवल वाटत नाही. त्यास ते नाव महाग पडले, हे खरे. परंतु अधिकाऱ्याने त्याच्या वंशजांस लोकांतून हाकलून दिले नाही, हेही वाचा. उरीम व थुम्मीम बाळगणारा याजक उभा राहीपर्यंत त्यांनी परमपवित्र पदार्थ खाऊ नयेत, एवढेच तो म्हणाला. वही मुकी राहिली तेथे त्याने निवाडा देवाकडे ठेवला.

आणि आपल्या प्रभूची वंशावळ? मत्तयाच्या पहिल्या अध्यायात सल्मोनाची बायको म्हणून यरीहोची राहाब नोंदलेली आहे. हे लग्न जुन्या करारात कोठेही लिहिलेले नाही. शुभवर्तमानकाराने ते मुद्दाम लिहिले. तिच्यामागून मवाबी रूथ येते.

हे मी वराकडील वडील गृहस्थांच्या घरी जाऊन, त्यांच्याच पवित्र शास्त्रातून वाचून दाखविले. त्यांनी ऐकून घेतले. होकार अद्याप कळविलेला नाही. इकडे मुलीच्या वडिलांनी मात्र आत्याबाईंस बरोबर घेऊन त्या गावी जाऊन येण्याचे ठरविले आहे. मामांची नातवंडे तेथे शेती करतात असे कळते. लग्न या घरी ठरो वा दुसऱ्या, पहिली पत्रिका तेथे द्यावयाची, असे आत्याबाईंनी बजावून ठेवले आहे.