नेमकेपणाची किंमत

विधान जितके नेमके तितके ते उपयोगी, असा आम्हा सुशिक्षितांचा दृढ समज असतो. तो निरपवाद आहे काय?

मालवणच्या धक्क्यावर एका वृद्ध नावाड्यास, भरती किती वाजून किती मिनिटांनी येईल, असे मी विचारले. ‘‘मास्तरानू, आज चवथ, तिनाच्या आगेमागे पाणी चढतला. मिनिटाचा माका इचारू नकात,’’ तो उत्तरला. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हे कोकणातील जुने गणित. ते ढोबळ खरे. परंतु होडी केव्हा लोटावी याचा निर्णय त्याने होतो.

गणितज्ञांसही हाच प्रश्न निराळ्या रूपाने भेटला. गाडी येण्यापूर्वी रेल्वेचे फाटक मिटेलच काय, असल्या कालबद्ध यंत्रांविषयीच्या प्रश्नांचा निर्णय गणनयंत्राने द्यावा, अशी त्यांची आकांक्षा. १९९० साली राजीव अलूर व डेव्हिड डिल यांनी घड्याळे जोडलेल्या यंत्रांचा एक नमुना मांडला. क्षण अनंत असले तरी घड्याळांच्या स्थितींचे मोजकेच गट पडतात. म्हणून असे यंत्र धोक्यास पोहोचेल की नाही, हे निश्चित ठरविता येते. पुढे १९९१ साली अलूर, फेडर व हेन्झिंगर यांनी काळाविषयी बोलणाऱ्या एका तर्कभाषेचा विचार केला. काळ सलग मानून ‘बरोबर पाच मिनिटांनी’ असे म्हणण्याची मुभा त्या भाषेस दिली, की एका अवधीतील कितीही घटनांची हुबेहूब नक्कल पुढच्या अवधीत उतरविता येते. मग १९३६ साली ट्यूरिंगने असाध्य ठरविलेला प्रश्नच तिच्यात शिरतो, आणि निर्णयाची सर्वसाधारण रीत उरत नाही. उलट ‘पाच ते सहा मिनिटांत’ एवढ्यावर समाधान मानले, तर निर्णय शक्य होतो.

गणितातून नीती निघत नाही, हे मी जाणतो. ‘आगेमागे’ हे आळशाचे निमित्तही होऊ शकते; पण ‘पाच ते सहा’ म्हणजे ‘बघू केव्हातरी’ नव्हे. त्यास दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे, आणि ती ओलांडणारा दोषी ठरतोच.

एकदा तर चुकल्यामुळे दोन मिनिटे उशिरा आलेल्या विद्यार्थ्यास मी वर्गाबाहेर उभे केले होते. माझा नियम नेमका होता. परंतु त्या मुलाविषयी काय न्याय्य, हे त्या नियमास ठरविता येत नव्हते. सर्व काही बोलू शकणाऱ्या भाषेपेक्षा, थोडे कमी बोलून न्याय देऊ शकणारी भाषा मला आता अधिक प्रामाणिक वाटते.