वजन किती, वय किती

स्की भाड्यानं देणारा जाणता माणूस गिऱ्हाइकाला आधी चार गोष्टी विचारतो: वजन, उंची, वय आणि स्की कितपत येतं. पाचवी गोष्ट, बुटाच्या तळाची लांबी, तो स्वतःच पाहून घेतो. मग स्क्रू फिरवून बाइंडिंगचा आकडा लावतो. बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्की यांना जोडणारा खटका. पडताना पायाला हद्दीपलीकडे पीळ बसला की तो सुटतो आणि बूट मोकळा होतो. आकडा गरजेपेक्षा जास्त लागला असेल तर खटका सुटत नाही. पायाला बांधलेली ती लांब पट्टी एकीकडे फिरते, अंग दुसरीकडे, आणि मधल्या मधे नडगी नाहीतर गुडघा जातो. आकडा फार कमी असेल तर चालत्या स्कीवरच खटका सुटून माणूस तोंडावर आपटतो. नवशिक्याला आकडा कमी लावतात, कसलेल्याला जास्त. पन्नाशी गाठलेल्याला तक्त्यावर एक पायरी खाली आणतात.

येत्या हिवाळ्यात गुलमर्गला जाऊन स्की शिकावं असं माझ्या मनात आहे. वय बावन्न. सगळी नोकरी इथं देवळाली प्रवऱ्यात, शाळेत शिकवण्यात गेली. गाव समुद्रसपाटीपासून पाचेकशे मीटरवर, चारी बाजूंनी ऊस आणि मका, उतार म्हणावा असा पाण्याच्या पाटालाच काय तो असतो. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे; त्याची उंची १६४६ मीटर. गुलमर्गचं नुसतं कुरणच त्याहून हजार मीटर वर, सुमारे २६५० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावरून अजून हजार मीटर चढून गेल्यावर, विरळ हवेत, माझा पहिला धडा सुरू होणार.

तयारी म्हणून स्कीबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि त्या चार प्रश्नांपाशी अडकलो. प्रश्न साधे आहेत, आणि त्यांची खरी उत्तरं मी देईन याची मला खात्री वाटत नाही. वजन सांगताना दोन-तीन किलो गाळायची सवय अंगात आहे. वयाचं तेच. आणि ‘कितपत येतं’ या प्रश्नाला ‘अजिबात येत नाही’ असं सरळ उत्तर चारचौघांत मी शेवटचं कधी दिलं, तेही आठवत नाही. ‘थोडंफार जमतं’ हे आमचं ठरलेलं उत्तर. ट्रॅक्टर चालवण्यापासून संगणकापर्यंत सगळीकडे ते चालून गेलं. वर्गात मात्र पोरांना सांगत आलो की येत नसेल तर हात वर करा, विचारायला लाजू नका. तो हात आता मला वर करायचा आहे, आणि करताना दंड जड वाटतो आहे.

हे कुठून आलं असेल याचा विचार करताना मला पोहणं आठवतं. प्रवरेच्या कालव्याच्या या पट्ट्यात पोहायला शिकवण्याची एक रीत होती. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि विहिरीत सोडून द्यायचं. रीत वाईट नव्हती. काठावर जाणतं माणूस असलं तर चांगलीच होती. पण तिच्याबरोबर एक शिकवणही अंगात मुरली: भीती वाटली तरी ती दाखवायची नाही. बिंडा जितका लवकर सोडाल तितके शूर. आम्ही सगळे अभिमानानं सांगतो, आम्हाला असंच ढकललं आणि आम्ही शिकलो. पण ही गोष्ट सांगायला ज्यांना जमलं तेच उरले आहेत. ज्यांना जमलं नाही त्यांची बातमी दर उन्हाळ्यात स्थानिक पेपरात चार ओळींत येते.

स्की शिकवण्याचा क्रम याच्या अगदी उलट आहे. आधी सपाटीवर एकाच पायात स्की घालून नुसतं चालायचं. मग उताराला आडवं उभं राहून, एकेक पाऊल कडेनं टाकत चढायचं. त्यानंतर पडायला शिकायचं: गुडघे वाकवून, एका कुशीवर, नितंबाच्या बाजूनं, हात टेकून स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न न करता. हातातल्या काठीचा पट्टा अंगठ्यात अडकून अंगठ्याचा स्नायुबंध तुटणं ही स्कीतली इतकी नेहमीची दुखापत आहे की तिला स्कीवरूनच नाव पडलं आहे. मग उठायला शिकायचं: स्की अंगाच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या. मग पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा कोन करून वेग कमी करायचा आणि थांबायचं. घसरण्याची मजा यानंतर. ज्याला थांबता येत नाही त्यानं निघायचंच नाही.

यातला एक भाग मला वाचूनच अवघड वाटला. उतार पाहून घाबरलेला माणूस आपोआप मागे रेलतो. सुटका तिकडेच आहे असं शरीराला वाटतं. पण वजन मागे गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, वळवता येत नाहीत, पट्ट्या अंगाखालून पुढे पळतात, आणि मागे बसल्यासारख्या त्या अवस्थेत पडणं टाळायची धडपड केली की गुडघ्याच्या आतला स्नायुबंध तुटू शकतो. नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर टेकवून उताराकडे झुकायचं असतं, म्हणजे जिकडची भीती वाटते तिकडेच. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. बाइंडिंगच्या सुधारणांमुळे नडगी मोडण्याचं प्रमाण खूप खाली आलं, पण गुडघ्याला तितकं संरक्षण मिळालेलं नाही. म्हणजे चारही प्रश्नांना खरी उत्तरं दिली तरी माझा गुडघा शाबूत परतेल अशी हमी कुणी देत नाही. माझा उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. हे शिकवणाऱ्याला सांगायचं की लपवायचं, यावर मी दोन रात्री विचार केला, आणि ज्या गोष्टीचं उत्तर एका क्षणात यायला हवं तिच्यावर विचार करावा लागला याचंच जास्त वाईट वाटलं.

‘पडलो तर मी पडेन, दुसऱ्याचं काय जातं?’ हा माझा आवडता युक्तिवाद. तो बर्फावर टिकत नाही. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाचे वागणुकीचे दहा नियम आहेत. त्यातल्या तिसऱ्याचा अर्थ असा की वरून येणाऱ्यानं आपली वाट अशी निवडायची की खालच्याला धोका होणार नाही. खालच्याला पाठीमागे डोळे नसतात. वरच्याला पुढचं दिसतं, म्हणून जबाबदारी वरच्याची. आता मी ‘थोडंफार येतं’ म्हणून वरच्या उतारावर गेलो आणि खाली एखादी आठ वर्षांची मुलगी धडे घेत असली, तर माझ्या त्या दोन शब्दांची किंमत ती मोजणार. आणि मी जबर जखमी झालो तर घरी आई आणि बायको. हिशेबात मी एकटा कधीच नव्हतो.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत जातो. दुसरा टप्पा अफरवटच्या बाजूला जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. इथले पर्यटक फोटोसाठी तिथं जातात, त्यात वावगं काही नाही. पण स्की घालून तिथून उतरणं हे वेगळंच काम. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्ग भागात एक रशियन स्कीपटू गेला. त्याच खिलनमर्गमध्ये ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या उंचावरील युद्धशिक्षण संस्थेचे सतरा जवान हिमाखाली मेले, आणि ते तर प्रशिक्षणासाठीच गेलेले होते. नवशिक्याला तिथं काय काम, असं कुणी विचारेल. काम काही नाही, मोह आहे. हद्दीच्या दोरीपलीकडे कुणाच्या तरी स्कीच्या रेघा दिसतात आणि वाटतं, तो गेला म्हणजे वाट बरी असणार. हिमस्खलन होणार नाही याची ती खूण नव्हे. आधीचा माणूस सुखरूप गेलेल्या उतारावरही पुढच्याच्या वजनानं थर सुटू शकतो.

मला स्की का शिकायचं आहे? बर्फाची ओढ खरी आहे. पण गावातल्या व्हॉट्सॲप गटावर हेल्मेट-गॉगल घातलेला माझा फोटो पडावा आणि ‘सर, या वयात!’ असं कुणीतरी लिहावं, हीसुद्धा ओढ आहे, आणि प्रामाणिकपणे मोजली तर ती कमी नाही. ती असण्यात पाप नाही. तिच्या हाती निर्णय देण्यात आहे. तेव्हा मी ठरवलं आहे: दुसरा टप्पा यंदा नाही, दोरीपलीकडे पाऊल नाही, परवानाधारक शिक्षकाशिवाय एकही धडा नाही, आणि दमल्यावर ‘शेवटची एक फेरी’ नाही. दमलेल्या पायांनी घेतलेल्या त्या फेरीत माणसं मोडतात.

राहिली एक गोष्ट. १६ मार्च २००९ रोजी कॅनडातल्या माँ-ट्राँब्लाँ इथं अभिनेत्री नताशा रिचर्डसन नवशिक्यांच्या उतारावर धडा घेताना पडली. हेल्मेट नव्हतं. उठली, बरी आहे म्हणाली, आलेली वैद्यकीय मदत तिनं परत पाठवली. कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. दोन दिवसांनी ती गेली; वय ४५. पडल्यावर कपडे झटकत ‘काही नाही, काही नाही’ म्हणत उठणं हे आमच्याकडे मोटारसायकलवरून पडणारा प्रत्येक जण करतो, मीही करतो. पहिली नजर जखमेकडे नाही, पाहणाऱ्यांकडे जाते.

गुलमर्गहून टंगमर्ग तेरा किलोमीटर, श्रीनगर पन्नासच्या आसपास, आणि हिवाळ्यात तो रस्ता बर्फाचा असतो. म्हणून बरोबर येणाऱ्या दोघा मित्रांना मी आत्ताच सांगून ठेवतो आहे, आणि जे कुणी कुणाला घेऊन तिकडे जाणार असतील त्यांनाही: डोक्याला मार लागल्यावर मी ठणठणीत आहे असं कितीही म्हणालो, तरी माझं ऐकू नका. गाडी काढा.